बठ्ठा आले का?

महाजन सर कानबाईला डोळे काढायला बसले की आधी घरातली सगळी माणसं समोर उभी करायचे. गोठ्यातला गडी, पाळण्यातलं पोर, अंथरुणाला खिळलेली आजी, कुणाला सूट नाही. आजीला खाटेसकट ओसरीत आणायला लावायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बठ्ठा आले का?" बठ्ठा म्हणजे सगळे. घरातून "आले" असं उत्तर मिळाल्याशिवाय रंगाच्या डबीचं झाकण उघडत नसे. त्यांचं म्हणणं असं, की डोळे उघडले की देवी पहिल्यांदा जे बघते ते तिचं घर. तेव्हा जो समोर नाही, त्याला ती ओळखणार कशी?

ज्यांना कानबाई ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मलाही नव्हती ठाऊक. मी साताऱ्याकडची. नवऱ्याची वीजमंडळात बदली झाली म्हणून पारोळ्याला आले आणि तिथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले. श्रावणातल्या एका रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. देवी म्हणजे घराण्यात चालत आलेला नारळ. त्याला नथ, साडी, दागिने घालतात, आणि आमच्या गावात त्यावर रंगाने डोळे काढायची रीत होती. सोमवारी देवीला नदीवर नेऊन पाणी दाखवतात, त्यात डोळे पुसट होतात, म्हणून दरवर्षी नव्याने काढायचे. दुसरी गोष्ट रोटांची, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांची. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या, मुलग्याच्या नावाने मूठ-मूठ मोजून घेतात. ज्याची मूठ तो घरचा. आणि तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला कणसुद्धा देत नाहीत. मी इतकी वर्षं तिथे काढली, शेजारणींच्या पापड-कुरडयांना हात लावला, बाळंतपणं केली, पण रोट? नाव नको. खरपूस वास घेऊन घरी यायचं आणि आपली पोळीभाजी खायची. मला याचा राग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे यावलचे, केळीच्या बागा असलेल्या घरातले. किरकोळ अंगाचे, पांढरा सदरा, खांद्याला शबनम पिशवी, आणि चालणं असं हलकं की मागून आले तर कळायचं नाही. त्या चालण्यावरून गावात काय काय बोलत, ते मी इथे लिहिणार नाही. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ते आले की दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसायचे. सर चहा प्यायचे आणि म्हणायचे, "हसा, हसा. हसताना माणसाचा चेहरा काढायला सोपा जातो."

वर्गात मात्र त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती. आठवीत रतन नावाचा एक मुलगा होता. मऊ बोलायचा, मुलींच्यात रमायचा, आणि चित्र असं काढायचा की बघत राहावं. पोरं त्याला भंडावून सोडायची. एकदा त्याची वही फाडून कुणीतरी त्यावर घाणेरडं काहीतरी लिहिलं. सरांनी कुणाला मारलं नाही की कुणाचं नाव विचारलं नाही. रतनला स्टुलावर बसवलं आणि वर्गाला सांगितलं, आज फक्त याचे हात काढायचे, तास संपेपर्यंत. मी व्हरांड्यातून बघत होते. सुरुवातीला खुसखुस झाली, मग वर्ग गप्प झाला. तासाच्या शेवटी सर एवढंच म्हणाले, "ज्याचे हात तुम्ही एवढा वेळ बघितले, त्याच्यावर हात उचलायला आता जड जाईल." सगळ्यांना गेलं असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याच जणांना गेलं.

हा रतन म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा, आबांचा, धाकटा मुलगा. आबा म्हणजे शाळा, मार्केट कमिटी, मंदिराचे पंच, सगळं त्यांच्या मुठीत. रतन दहावी झाला आणि त्याला कोवळ्या वयातच बोहल्यावर उभं करायचं चाललं, तेव्हा तो घरातून गेला. वर्षभराने कळलं की धुळ्यात हिजड्यांच्या घरात राहतो, साडी नेसतो. गावात ती बातमी अशी फिरली की जणू कुणी मेलं. आबांनीही तसंच धरलं. त्या श्रावणात रतनच्या नावाची मूठ मोडली, म्हणजे त्याच्या नावाचे गहू घेणं बंद केलं.

सर धुळ्याला जाऊन त्याला भेटून आले, आणि आल्यावर मला म्हणाले, "बाई, तो आता ती आहे. तसंच म्हणायचं. आणि ठीक आहे, हसते पूर्वीसारखी." मला पचायला वेळ लागला, खोटं का बोलू? पण सरांनी दहा वेळा समजावलं नाही. फक्त मी "तो" म्हटलं की थांबायचे आणि वाट बघायचे. शेवटी मलाच कंटाळा आला आणि मी "ती" म्हणायला लागले.

एकदा न राहवून मी त्यांना विचारलं, की सर, तुम्ही लग्न का नाही केलं? सर कुंचला धूत होते. मान वर न करता म्हणाले, "ज्याच्याशी केलं असतं त्याची वरात मी बघितली, बाई. त्याच्या दारावरचा गणपतीही मीच काढला. चांगला आला होता." मग त्यांनीच सांगितलं, की पुढे त्यांच्या भावांना ते कळलं, आणि यावलला त्यांचीही मूठ मोडली. "बारा गावच्या कानबाया माझ्या हातून बघतात," म्हणाले, "आमच्या घरची तेवढी मला बघत नाही." हे सांगताना ते हसले. मला हसता आलं नाही.

आता त्याच श्रावणातल्या शनिवारचं सांगते.

कानबाईचा आदला दिवस. दुपारी आबांच्या घरी सर डोळे काढायला आले. मी तिथेच होते, कारण अक्कांचं, म्हणजे आबांच्या बायकोचं, आणि माझं चांगलं जमायचं, आणि देवीच्या साडीला किनार लावायला त्यांनी मला बोलावलं होतं. भाऊबंदांनी ओसरी भरलेली. पाटावर नारळ, नथ घातलेला, चेहरा कोरा. आबा झोपाळ्यावर. सर खाली बसले, चष्मा वर केला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "बठ्ठा आले का?"

"आले, आले," थोरल्या सुनेने सांगितलं.

सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "रतन दिसत नाही."

झोपाळा थांबला. आबा म्हणाले, की त्या नावाचं या घरात कुणी नाही, त्याची मूठ मोडली आहे, आणि सरांनी आपलं काम करावं. सर म्हणाले, की ज्या घरात जितंजागतं लेकरू वगळलं, तिथल्या देवीला खोटं घर दाखवायचं काम त्यांच्याने होणार नाही. आबांचा चेहरा तांबडा झाला. पण ते हुशार गृहस्थ. आरडाओरडा न करता त्यांनी वकिली काढली. म्हणाले, "सर, तो साडी नेसतो. स्वतःला बाई म्हणवतो. मग लेकीची मूठ असते का कुठल्या घरात?"

भाऊबंदांत हशा पिकला. मला वाटलं, संपलं, सर आता उठणार. सर उठले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "लेक म्हणा. लेक म्हटलं तर कानबाईच्या सणाला तिला माहेरी बोलवा, साडीचोळी करा. मुलगा म्हणा, तर मूठ द्या. दोन्हीपैकी एक काहीही म्हणा, मी आत्ता डोळे काढतो. पण मुलगाही नाही आणि लेकही नाही असं म्हणायचं असेल, आबा, तर डोळे दुसऱ्याकडून काढून घ्या."

कुणी हसलं नाही. सरांनी शबनम खांद्याला लावली. आबा मागून शांतपणे म्हणाले, की सोमवारी शाळेचं दार उघडं असेलच असं नाही. सर उंबऱ्याशी थांबून चपला घालत म्हणाले, "ते मी आत येतानाच समजून आलो." सदऱ्याची बाही घट्ट धरलेली मला दिसत होती. माणूस घाबरला होता. उगाच शूरवीर करून सांगणार नाही.

गावात तासाभरात बोभाटा झाला. आणि मजा अशी, की सर पुढच्या घरांत गेले आणि नेहमीचाच प्रश्न विचारायला लागले, पण आता त्या प्रश्नाने लोकांची तारांबळ उडायला लागली. कारण प्रत्येक घरात कुणीतरी वजा झालेलं असतंच. वाण्यांच्या घरी बांधावरून भांडलेला भाऊ होता, त्याला पोराला पाठवून बोलावून आणलं. शिंप्यांच्या घरी मागच्या खोलीत राहणारी विधवा आत्या होती, ती पहिल्यांदा ओसरीत आली. एका घरी मात्र सरांना हाकलून दिलं आणि मागून शिवी आली. सर तिथून निघाले आणि दुसरीकडे जाऊन परत तेच विचारलं.

इकडे आबांनी टॉकीजचे बोर्ड रंगवणारा पेंटर बोलावला. त्याने बिचाऱ्याने मन लावून काम केलं, पण सवय कुठे जाते? लांब पापण्या, कोपऱ्यातून बघणारी नजर, थेट नायिकाच. थोरल्या सुनेला हसू आवरेना. अक्का हसल्या नाहीत. त्या नारळाकडे बघत बसल्या, आणि मला म्हणाल्या, "बाई, ही मन्हाकडे देखतच नही." ही माझ्याकडे बघतच नाही. मी किनार लावत राहिले.

रविवार सकाळ. त्या काळी रविवारी सकाळी अख्खा गाव टीव्हीपुढे बसायचा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. मालिका संपली, लोक दारात येऊन उभे राहिले, आणि त्याच वेळी बाजारपेठेतून अक्का चालत येताना दिसल्या. आबांची बायको, जी लग्नकार्याखेरीज पायी घराबाहेर पडत नसे, डोक्यावर पदर आणि पदरात दोन्ही हातांनी धरलेला नारळ. त्यांच्या मागे थोरला मुलगा "आई, परत चल" म्हणत, पण हात लावायची हिंमत नाही, कारण पदरात देवी. सगळी पेठ बघत होती. मी दुधाचं भांडं घेऊन दारात होते. ते तसंच ओट्यावर ठेवलं आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. का, ते मला सांगता येणार नाही. त्यांना एकटं चालू देववेना.

सर मारुतीच्या मागे एका खोलीत राहायचे. दार उघडंच होतं. अक्का आत गेल्या, सरांच्या चटईवर नारळ ठेवला. पेंटरचे डोळे त्यांनी पुसून टाकले होते. हाताला अजून पीठ होतं. म्हणाल्या, "सर, मूठ लिधी मी. मन्हा रतननी. जातावर दळी बी लिधी. आते डोया काढी द्या."

मूठ घेतली मी. माझ्या रतनची. दळूनही घेतली. आता डोळे काढून द्या.

सरांनी त्यांच्या पिठाच्या हातांकडे बघितलं. मग खाली बसले, चष्मा वर केला. आणि विचारलं, "बठ्ठा आले का?"

अक्का म्हणाल्या, आबा येणार नाहीत. रतनला यायला वेळ आहे. पण मूठ आहे.

"मग आले," सर म्हणाले आणि डबीचं झाकण उघडलं. दाराशी गर्दी जमली होती. कुणी आत आलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. अक्का नारळ घेऊन परत निघाल्या तेव्हा लोकांनी वाट दिली. घरी काय झालं ते मला नक्की माहीत नाही. एवढं कळलं, की आबांनी देवी दारातून परत पाठवली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

तोंड त्यांनी सोमवारी उघडलं. संस्थेची पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एक शाखा होती. तीन खोल्या आणि पत्रे. सरांना तिथे पाठवलं. मी भांडायला गेले, तर माझंच तोंड बंद करायला मुख्याध्यापकांनी मला वरचा वर्ग काढून घेण्याची भीती घातली. मी म्हटलं, घ्या काढून. त्यांनी घेतलाही. पण सरांची बदली टळली नाही.

सर तिकडे जायच्या आधी एक काम झालं. अक्कांनी रतनच्या मुठीचा रोट फडक्यात बांधून माझ्याकडे दिला. तो धुळ्याला पोचवायचा, वाटेत खाली ठेवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. मी एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, खाली ठेवा ना." मी म्हटलं, नाही. धुळ्यात पांझरा नदीच्या बाजूला रतन राहायची ते घर शोधलं. रतनने दार उघडलं. निळी साडी, केस वाढवलेले, हसू तेच. मी डबा दिला. तिने झाकण काढलं आणि वासावरूनच ओळखलं. विचारलं, "मूठ कुणी घेतली?" मी म्हटलं, अक्कांनी. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि खायला लागली. शेवटी फडकं झटकून त्यातले कण हातावर घेतले आणि तेही खाल्ले. घरातल्या बाकीच्या जणी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यापैकी कुणी मागितलं नाही. त्यांना रीत माहीत होती. प्रत्येकीची मूठ कुठे ना कुठे मोडलेली.

पुढच्या श्रावणात रतनने धुळ्यात स्वतःची कानबाई बसवली. गहू मोजताना तिने त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकीच्या नावाने मूठ घेतली. आणि एक मूठ महाजन सरांच्या नावाने. सर पिंपळनेरहून सकाळच्या गाडीने आले होते. त्यांना ते कळलं तेव्हा ते मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता मलाही समोर उभं राहायला हवं. मग डोळे कोण काढणार?" रतन म्हणाली, तुम्ही काढा, ती तुम्हाला सगळ्यांत जवळून बघेल.

त्यानंतर दर रविवारी सर धुळ्याला येऊन त्या घरात वर्ग घ्यायला लागले. वाचायचं, सही करायची, चित्र काढायचं. वर्ष-दोन वर्षांत इतकी चित्रं जमली, की त्यांनी एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. चित्राखाली फक्त नाव. पारू, शबाना, रतन. लोक आले, कॉलेजची मुलं आली, वाहवा झाली. एका गृहस्थांना पारूने काढलेलं आईच्या हाताचं चित्र फार आवडलं. चित्रकार कुठे आहेत, भेटवा, म्हणाले. सरांनी मागच्या खोलीतून सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार. दोन-चार कुटुंबं पोरांना ओढत बाहेर पडली. त्या गृहस्थांचा नमस्काराला वर आलेला हात अर्ध्यात थांबला. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, काही न बोलता, वाट बघत. माझ्यावर केला होता तोच प्रयोग. त्या माणसाने पारूला नमस्कार केला. मोठं काही नव्हे, पण पारू त्या दिवसाबद्दल अजून बोलते.

सर गेले ते नव्वदचं दशक संपायच्या आत. छातीत दुखायला लागलं, पिंपळनेरहून धुळ्याला आणलं, आणि रतनच्या घरी दोन दिवसांत कारभार आटोपला. यावलला निरोप धाडला होता. भाऊ आले, पण नंतर आले. धुळ्याच्या स्मशानात अग्नी रतनने दिला. कुणी आडवं आलं नाही, किंवा आलं असेल तर मला दिसलं नाही, माझे डोळे ठिकाणावर नव्हते.

त्यानंतरच्या कानबाईला मी धुळ्याला गेले. म्हाताऱ्या झालेल्या अक्काही होत्या. आबा वारल्यावर त्या कानबाईला रतनकडेच यायच्या. गहू मोजायला रतन बसली. नाव घ्यायची, मूठ टाकायची. आणि सवयीने तिच्या तोंडून "सर" निघालं आणि मूठ पडली. हात तसाच सुपावर राहिला. गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. आणि पडलेली मूठ परत काढत नाहीत. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दळी टाक."

रविवारी रतनने कुंचला घेतला. सरांचाच. सगळ्या समोर उभ्या राहिल्या. मी नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेर, चपलांशेजारी. ती माझी जागा, इतक्या वर्षांत मला तिचा राग येणंही थांबलं होतं. रतनने मान वळवून विचारलं, "बठ्ठा आले का?"

"आले," पारू म्हणाली.

रतनने डबीचं झाकण उघडलं नाही. ती माझ्याकडे बघत वाट बघत राहिली. अगदी सरांसारखी. मला कळायला वेळ लागला. मग अक्काच उठल्या, माझा हात धरला आणि मला आत ओढलं.

दुपारी सरांच्या मुठीचा रोट माझ्या ताटात वाढला. मी सगळा खाल्ला. कणसुद्धा ठेवला नाही.